चिंधी बांधलेलं बेलवांगं

वरवे बुद्रुक,
वसुबारस

प्रिय आक्का,

आज सकाळी परसात पहिलं बेलवांगं, तुझ्या दादाचा टोमॅटो, रंगावर आलं. देठाकडं अजून हिरवं आहे, बुडाला पिवळसर, आणि ज्या अंगाला ऊन आधी लागतं तिथं बोटाच्या पेराएवढी लाली. गेल्या साली याच दिवशी, याच रंगाचं एक फळ याच कोपऱ्यात होतं. मी पाणी घालत होते. कळशी तिथंच टेकवली, घरात आले, कारभाऱ्यांच्या पेटीतून कागद काढून घेतला आणि मागल्या दाराच्या उंबऱ्यात बसले. कळशी अजून तिथंच आहे.

तुला वाचता येत नव्हतं. पालीहून तुझ्या भावाचं कार्ड आलं की तू ते पदराखाली धरून चुलीपाशी यायचीस. "वाच की गं धाकटे, दादा काय म्हनतोय." मी मुद्दाम आधी मनातल्या मनात वाचायची आणि तू माझ्या तोंडाकडं बघत बसायचीस. मग हे पत्र तुला कोण वाचून दाखवणार? मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या कुणापाशी हे बोलता येत नाही. आपल्या दोघींच्या कारभाऱ्यांना सांगावं तर ते विडी पेटवतील आणि म्हणतील, "झालं त्ये झालं." गाव म्हणतं, कपाळाला कुंकू घेऊन गेली, सोनं झालं तिचं. वर्षभर हेच ऐकलं. या लढाईपायी रॉकेल मिळत नाही, म्हणून दिवसाच लिहिते.

भोरच्या शाळेत आम्हाला शिकवलं होतं की थोरल्या माणसाला तीर्थरूप लिहायचं. तुला तसं लिहिलं असतं तर तू मला दारातून ओरडली असतीस. लग्न होऊन आले तेव्हा मी तुला 'तुम्ही' म्हणत होते, आठवतं? चार दिवस तू ऐकून घेतलंस. मग भाकरी थापता थापता म्हणालीस, "सवतीला कुनी तुमी म्हनतं का? तू म्हन. भांडताना बरं पडतं."

भांडायची तयारी मी करूनच आले होते. चौथी यत्ता शिकलेली पोर, नाक वर, आणि दिली कुणाला, तर एक बायको घरात असलेल्या माणसाला. दहा वर्षांत तुला मूल झालं नाही म्हणून मला आणली. सासूबाई तर तुझ्यासमोरच म्हणायच्या, "वांझोटीच्या हातचं पानी पिऊन माजा वंश बुडाया लागलाय." माप ओलांडून मी आत आले तेव्हा तबक घेऊन ओवाळायला तूच उभी होतीस. तू ओवाळलंस. मी मात्र मान वर केली नाही, म्हटलं ही मला आता जन्मभर छळणार.

त्या पहिल्या साली मी तुझं बेलवांगं खाल्लं, ते भुकेनं नव्हे. आज पहिल्यांदा कबूल करते. त्याला तुझ्या जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधलेली मला दिसत होती. कुणीतरी ते जपतंय, हे कळत होतं. म्हणूनच तोडलं.

तू परसात आलीस तेव्हा अर्धं माझ्या तोंडात होतं. तू माझं मनगट धरलंस. वाटलं, आता मारणार. तू फक्त उरलेलं उष्टं फळ माझ्या हातातून काढून घेतलंस, चुलीतल्या राखेत पिळलंस, बोटानं एकेक बी मोकळं केलंस आणि ते ओल्या गोवरीवर थापून भिंतीला चिकटवलंस. मी बघतच राहिले. "उरल्यात बी हाय," एवढंच म्हणालीस, आणि हात धुवायला गेलीस.

मग संध्याकाळी तू सगळं सांगितलंस. पुण्यात एका साहेबाच्या बंगल्यावर तुझा दादा माळी होता. साहेबाच्या बागेत हे टोमॅटो सगळ्यांच्या आधी पिकायचे. त्यानं तुला पंचमीला पुडीभर बी दिलं, लवकर येणारं म्हणून. पण आपल्या चिखलाच्या जमिनीत ते पहिल्या साली संक्रांतीला पिकलं. तू हटलीस नाहीस. जे फळ सगळ्यात आधी रंगावर येईल त्याचंच बी धरायचं, पुढच्या साली त्याच्या रोपांतलं सगळ्यात आधीचं. "झाडाला आटवन असतीया गं," तू म्हणालीस. "आई लवकर पिकली तर लेक बी लवकर पिकती. पर त्ये पयलं फळ कुनी खायाचं न्हाई. पार मऊ हुईस्तवर झाडाला ठिवायचं."

एवढी घाई कशाला, असं मी विचारलं. तू चुलीतलं लाकूड पुढं सारलंस. मग म्हणालीस, भाऊबीजेला पालीला जाते, बाकीच्या बहिणी कडेवर पोरं घेऊन येतात. "म्या रिकाम्या वटीनं जाती. रिकाम्या हातानं तरी कशाला जाऊ? भाऊबीजेला लाल बेलवांगी कुनाच्याच टोपलीत नसत्यात."

हे सांगून तू मला राखणीला बसवलंस. "खाल्लंस न्हवं? मंग आता राखन तूच कर. म्या मागितलं तरी द्यायाचं न्हाई." तिथून आपला खेळ सुरू झाला. दर साली पहिलं फळ रंगावर आलं की तू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायचीस, कमरेवर हात, चेहरा अगदी गरीब. "धाकटे, आज खाऊ का गं त्ये?" मी म्हणायची, "हात तोडीन." आणि तू हसत हसत चिंधी बांधायला जायचीस. घरात एवढ्या मोठ्यानं तू एरवी हसत नव्हतीस. सासूबाई आतून विचारायच्या, "काय झालं गं सवतीसवतींना?"

सासूबाईंना तर त्या फळाचा रंगच चालत नव्हता. गळ्यात माळ, मांसमच्छी वर्ज्य, त्यात हे लालभडक. "रगताचं भांडं हाय त्ये, माज्या चुलीवर नगं." आपण दोघी परसातच तीन दगडांवर आमटी करायचो. ती आमटी मी आता करत नाही. कारभाऱ्यांनी एकदा विचारलं, मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

संक्रांतीवरून फळ दत्तजयंतीला आलं. मग चंपाषष्ठीला. तू दिवस मोजायची नाहीस, सण मोजायचीस. दर साली एखादा सण मागं टाकायचा. मला हे वेड वाटायचं आणि तरी पहिल्या फळाला रंग चढला का, हे बघायला तुझ्याआधी मीच उठून परसात जायची.

आणि यमीच्या वेळचं? ते तर मी कसं विसरेन? मला डोहाळे लागले होते, अन्नाचा वास सहन होत नव्हता. आंबट हवं होतं, पण चिंचेनं घसा धरत होता. मी परसात बसून त्या फळाकडं बघत होते. मागितलं नव्हतं, आक्का. मी राखण करणारी, मी कशी मागणार? तू आलीस, चिंधी सोडलीस, फळ तोडलंस आणि माझ्या मांडीवर ठेवलंस. मी म्हटलं, अगं, बी? तू पदराची गाठ सोडलीस, त्यात मिठाचे खडे होते. "मिठाबिगर चव न्हाई त्येला. खा. पोटातलं पोर काय पुढच्या साली मागायचं हाय व्हय?"

बियांसकट सगळं खाल्लं मी. तू मागून दुसऱ्या बहराचं बी धरलंस आणि पुढच्या साली फळ पंधरा दिवस उशिरा आलं. तू त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीस. यमीला मात्र मांडीवर घेऊन त्या वाफ्यापाशी बसायचीस आणि सांगायचीस, "ह्ये बग, तुजं देनं." ती तुला थोरली आई म्हणायला शिकली ते मला आई म्हणायच्या आधी.

आता गेल्या सालचं लिहायचं. मघापासून मी इकडचं तिकडचं लिहून ते लांबवते आहे.

गेल्या साली पाऊस जाता जाईना. वाफ्यातली रोपं करपली, विसातली दोनच उभी राहिली. गोवरीवरचं जुनं बी उंदरांनी फस्त केलं, ते आपल्याला गणपतीत कळलं. म्हणजे जे काही होतं ते त्या दोन झाडांवर. आणि त्याच साली, नेमकं त्याच साली, त्यातल्या एकावरचं एक फळ वसुबारसेला रंगावर आलं. भाऊबीज चार दिवसांवर होती. इतकी वर्षं तू ज्या सणाच्या मागं होतीस तो सण हातात आला होता, आणि तू हिवतापानं मागल्या दाराशी अंथरुणावर पडून होतीस.

मी ओटा सारवत होते. कोपरापर्यंत शेण. तू उशीवरून मान वळवलीस आणि म्हणालीस, "धाकटे, आज खाऊ का गं त्ये?"

मी हसले. आक्का, मी हसले. किती दिवसांनी तू खेळायला लागलीस, म्हटलं ताप उतरला. मी म्हटलं, "हात तोडीन."

"तोड," तू म्हणालीस. "पर आदी दे."

मी आणखीच हसले. म्हटलं ही नवीन तऱ्हा. म्हटलं, "चार दिवस दम धर. एवढंच एक बी आहे. भाऊबीजेला दादाला दाखवू, मग मऊ झालं की बी काढू." तू माझ्याकडं बघत राहिलीस. मग म्हणालीस, "बरं. ऱ्हाऊ दे बी." आणि भिंतीकडं तोंड केलंस. मी परत सारवायला लागले. मनात म्हटलं, झाले मी पास.

तिसऱ्या दिवशी उन्हं अंगणात यायच्या सुमारास तू गेलीस. बायकांनी तुला न्हाऊ घातलं. हिरवं लुगडं, मळवट, सगळं मीच केलं, कारण तुझं करायला मीच होते. जुनं लुगडं सोडताना पदराची गाठ सुटेना. ओली होऊन आवळली होती. मी दातानं सोडली. आत मीठ होतं. दोन खडे, तुझ्या घामानं विरत आलेले.

चुलतसासू बाजूला होत्या. त्यांनी विचारलं, "काय हाय गं, पैसा?" मी म्हटलं, काही नाही.

खेळात तू कधीच मीठ बांधून आली नव्हतीस. इतक्या वर्षांत एकदासुद्धा नाही. खेळाला मीठ कशाला लागतं? कुणाच्या हातून मागवलंस ते? की ताप असताना भिंत धरत धरत तूच स्वयंपाकघरात गेलीस? मी कुठं होते तेव्हा? शेण आणायला गेले असेन. तू मीठ आणलंस, गाठ बांधलीस, अंथरुणावर परत येऊन पडलीस आणि माझी वाट बघितलीस. मग मागितलंस. आणि मी तुला दम धरायला सांगितलं.

तेरावा झाल्यावर कारभारी बोलले. तू जायच्या आठवडाभर आधीच वैद्यबुवा त्यांना उंबऱ्याबाहेर नेऊन म्हणाले होते, आता ती मागेल ते द्या. मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "तुला सांगून काय व्हनार व्हतं? रडत बसली असतीस." मी त्यांच्याकडं बघितलं आणि उठून परसात गेले. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलते.

भाऊबीजेला तुझा दादा आला. ओवाळून घ्यायला नव्हे. तो परसात जाऊन उभा राहिला, मी चिंधी बांधलेलं ते फळ त्यानं बघितलं. एव्हाना ते लालबुंद झालं होतं. "आलं की गं येळेवर," म्हणाला, आणि तिथंच वाफ्यापाशी बसला. मी त्याला तरी तोडून द्यायला हवं होतं का? मला ते सुचलंसुद्धा नाही. त्या फळाला हात लावायची माझी छातीच नव्हती.

तुझ्यावर माझा राग आहे, आक्का. आहेच. तू एकदा का म्हणाली नाहीस, "सरू, खरंच दे"? मला तू नावानं हाक मारली असतीस तर मी समजले असते. नुसती गाठ दाखवली असतीस तरी समजले असते. मी काय दगड होते? तू यमीसाठी सालभराचं बी माझ्या मांडीवर ठेवलंस, आणि मला तेवढं करायची संधीही दिली नाहीस. भिंतीकडं तोंड करायची घाई कसली होती तुला?

मग रात्रंदिवस स्वतःलाच विचारते. मला खरंच कळलं नव्हतं का? तुझा आवाज बारीक होता. तू हसली नव्हतीस. खेळात तू नेहमी आधी हसायचीस. हे सगळं मला दिसलं होतं, दिसूनही मी शेणाचा हात फिरवत राहिले. या घरात कुणालाही नाही म्हणायचा हक्क मला नव्हता. सासूबाईंना नाही, कारभाऱ्यांना नाही. एका फळापुरता तेवढा होता आणि तो तू दिला होतास. तो गाजवायला मला गोड वाटायचं. तो मी शेवटी तुझ्यावरच गाजवला.

बी मी काढलं. फळ मऊ होऊन देठापाशी चिरलं तेव्हा राखेत पिळलं, तू करायचीस तसं. राखीपौर्णिमेला वाफ्यात टाकलं. यंदा सगळी जगली, बघ. बावीस रोपं, एकाला करपा नाही. पाऊस वेळेवर गेला. जरा मागंपुढं झालं असतं तर काय बिघडलं असतं? गेल्या साली दोनाच्या जागी चार झाडं उभी राहिली असती तर मी तुला ते फळ दिलं असतं. दिलं असतं, ना? मला आता त्याचीही खात्री वाटत नाही.

तुझ्या वर्षश्राद्धाच्या पानावर हे फळ वाढता येईल का, म्हणून मी भटजींना विचारलं. ते नसरापूरहून येतात. त्यांनी मान हलवली. परदेशी फळ, पितरांना चालत नाही. म्हणजे तिथूनही तुला पोचायचं नाही. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. तुला पानावर वाढून तरी काय, तू मागितलं होतंस तेव्हा तुला तोंड होतं.

आणि आता आज सकाळी काय झालं ते ऐक. त्यासाठीच हे पत्र.

सासूबाईंना आठ दिवस ताप आहे. तोच, थंडी वाजून येणारा. कारभाऱ्यांनी त्यांचं अंथरूण तुझ्याच जागी टाकलं, मागल्या दाराशी, वारं येतं म्हणून. मी नको म्हटलं होतं. तिथून परस दिसतो. मी पाणी घालत असताना सासूबाई त्या फळाकडं बघत होत्या. तोंडाला चव नाही त्यांच्या, पेजेचा घोट घेतात आणि थुंकतात. हळूच म्हणाल्या, "त्ये लई आंबट असतंया का गं?"

आक्का, त्या फळाकडं जिनं जन्मात धड बघितलं नाही, ती विचारत होती. 'दे' म्हणाल्या नाहीत. कशा म्हणतील? गळ्यात माळ आहे. बोटांनी नुसती माळ चाचपत होत्या.

मी काही बोलायच्या आधी यमी पुढं झाली. कमरेवर हात ठेवून तिनं आजीला सांगितलं, "आज्जे, पयलं फळ खायाचं न्हाई. बियाचं हाय त्ये. हात तोडीन." आणि धावत जाऊन तुझ्या लुगड्याची चिंधी शोधून आणली. मी तुझं ते लुगडं कुणाला दिलं नव्हतं, ते उतरंडीमागं होतं. तिनं स्वतःच्या हातानं गाठ मारली, दोनदा, घट्ट. मग माझ्याकडं बघितलं, शाबासकी दे म्हणून.

सासूबाईंनी भिंतीकडं तोंड केलं.

मी कळशी टेकवली ती तेव्हा.

मला तुझ्याजवळ खरं सांगू दे. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? बरं झालं, असं आलं. जिनं तुला माझ्यादेखत वांझोटी म्हटलं, जिनं मला तुझ्या उरावर आणून बसवलं, तिला तुझं फळ कशाला? तुला मिळालं नाही ते तिला? राहू दे तिला तशीच. बघू दे भिंतीकडं. आणि मग माझी सहा वर्षांची पोर माझ्यासमोर उभी होती, माझे शब्द तोंडात घेऊन, माझ्यासारखी हसत. तुझ्या गमतीचा तिला पत्ता नाही. तिला फक्त नाही म्हणायला येतं, आणि ते तिनं माझ्याकडून घेतलंय.

म्हणून आता तुला शब्द देते.

हा कागद खाली ठेवला की मी यमीला हाताला धरून परसात नेणार. तिनं मारलेली गाठ तिलाच सोडायला लावणार. ती रडेल, तुझं नाव घेईल. घेऊ दे. फळ ती तोडेल आणि आजीला नेऊन देईल. चार दिवस नाही, भाऊबीजेपर्यंत नाही, आत्ता. सासूबाईंनी खाल्लं तर खातील, थुंकलं तर थुंकतील. बी त्यांच्या पोटात जाऊ दे नाहीतर उकिरड्यावर.

आणि दर साली हेच करीन. या परसातलं पहिलं फळ मागणाऱ्याचं. तोंडानं मागो की नुसतं डोळ्यांनी. उरलेल्यांतलं बी धरीन, म्हणजे दर साली ते जरा जरा उशिरा पिकेल. भाऊबीज जाईल, चंपाषष्ठी जाईल, दत्तजयंती जाईल. तू एकेक सण करून जे ओढून आणलंस ते मी एकेक सण करून घालवीन, आणि एके साली तुझी बेलवांगी पुन्हा संक्रांतीला पिकतील, दादानं पुडी आणली त्या सालासारखी. तुझ्या हातचं तेवढंच एक या घरात उरलंय आणि तेही मी ठेवणार नाही. रागाव माझ्यावर. इथं येऊन माझं मनगट धर. मी हात पुढंच करून बसलेय.

सासूबाई आत कण्हत आहेत. उठते.

मीठ काढायला स्वयंपाकघरात जावं लागणार नाही. तुझा तेरावा झाला त्या दिवसापासून माझ्या पदराच्या गाठीला दोन खडे असतात. पावसाळ्यात विरतात, मी पुन्हा बांधते. आजवर ते कुणी मागितले नव्हते.

तुझी धाकटी,
सरू